नाशिकपेक्षा साडेतीन तास मागे

आम्ही तिघं नाशिककडचे एकत्र बसलो की लिबियाचे किस्से निघतातच. गंमत अशी, की प्रत्येक जण दुसऱ्याचा सांगतो; स्वतःचा कुणीच नाही. तिघं म्हणजे मी, निफाडकडचा बोरस्ते आणि नाशिकरोडचा पगारे. ऐंशीच्या सुमाराला वाळवंटातल्या एका वीज केंद्रावर आम्ही सल्लागार होतो.

बोरस्ते मनगटावरचं घड्याळ नाशिकच्याच वेळेवर ठेवायचा. तिथला मॅनेजर एकदा वैतागला, "मिस्टर बोरस्ते, तुमचं घड्याळ चुकतंय."

"घड्याळ बरोबर आहे, साहेब. मी चुकीच्या जागी आहे."

आमची सुट्टी शुक्रवारी, मुंबईच्या हेड ऑफिसची शनिवार-रविवार. एका गुरुवारी दुपारी आम्ही टेलेक्सवर विचारलं, "व्हॉल्व्ह गळतोय. बॉयलर पेटवावा का?" तोवर मुंबईचं ऑफिस सुटलं होतं. शुक्रवारी त्यांनी उलट प्रश्न विचारला, तर आम्ही सुट्टीवर. शनिवारी आम्ही उत्तर धाडलं, तर ते सुट्टीवर. कंत्राटदार काही थांबला नाही. सोमवारी हुकूम आला, "बॉयलर पेटवू नये." तेव्हा आमचे दोन फिटर भाजून दवाखान्यात पडले होते.

पगारेनं टेलेक्स केला, "सल्ला मिळाला. आभार."

बोरस्तेच्या घरी फोन नव्हता, गावातल्या सोसायटीच्या ऑफिसात होता. ट्रंक कॉल सकाळी बुक करायचा, लागेल तेव्हा लागायचा. एकदा लागला तेव्हा वडील द्राक्षबागेत. शिपाई बोलवायला गेला. इकडे लाइन चालूच. म्हातारा बांधावरून पळत आला. रिसीव्हर कानाला लावला, पण बोलता येईना. "थांब... लय दम लागलाय," एवढंच म्हणाला, आणि कॉल तुटला.

आम्ही विचारलं, "काय म्हणाले वडील?"

"श्वास ऐकला," बोरस्ते म्हणाला. "बरे आहेत."

आता पगारेचा. त्याची आई धाकट्या भावाकडे असायची. विड्या वळून वळून तिनं याला इंजिनीयर केलेलं. एक दिवस तार आली, आई गेली. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, विमान आठवड्यातून एकदा. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. पगारेनं बूट घातले आणि ड्यूटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक तार आली. आधी केलेली, वाटेत कुठंतरी अडकलेली. "आई सीरियस. ताबडतोब निघ."

पगारेनं ती वाचली, कॉटखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला लागला. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. शेवटी बोरस्ते हळूच म्हणाला, "पगारे, तारेवरची तारीख बघ. ही आधीची आहे."

"बघितली," पगारे म्हणाला. त्यानं शर्टाची नीट घडी घातली. "पण इथं आजच आलीय ना."