रद्द की समाप्त

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, दातांच्या संस्थेत समन्वयक आहेत. कवळ्या आणि कॅप बनवायला शिकवते ती संस्था, पदवी देतं विद्यापीठ, आणि मधे वन्सं. समन्वयक म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की सांगतात, "दोघांची बोलणी खाणारी एकटी." खोली जिन्याखाली. एका कपाटात संस्थेच्या फायली, दुसऱ्यात विद्यापीठाच्या, आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी पूड. लग्न केलं नाही. "दोन सासरं आहेत की आधीच," म्हणतात.

मग विद्यापीठात नवे कुलगुरू आले. कवळ्या हा काही विद्येचा विषय नव्हे, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या स्वतःच्या दोन कॅप ह्याच संस्थेत झालेल्या, पण त्या मागच्या दाढांना, दिसत नाहीत. संस्थेशी असलेला करार मोडायचं ठरलं. सही झाली की संबंध संपला. खालच्या वर्गांतली मुलं दुसऱ्या संस्थांत सामावली जाणार होती; शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा मात्र व्हायची होती. संस्थेला पदवी देता येत नाही, विद्यापीठ देणार नाही.

वन्सं सरळ कुलसचिवांकडे गेल्या. "एवढी मुलं बाहेर पडू द्या, मग खुशाल मोडा."

"तशी तरतूद नाही, बाई."

"मग करा तरतूद."

"तरतूद करायचीही तरतूद नाही."

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भाजी चिरायला घेतली आणि तिचा पार भुगा केला. मी म्हटलं, "अहो, कुलसचिव नाही ते, कोबी आहे."

"वहिनी, चार वर्षं ती मुलं तापल्या मेणात बोटं भाजून घेतायत. कोणत्या तोंडानं सांगू, घरी जा म्हणून?"

"संचालक काय म्हणतात तुमचे?"

"बघू म्हणतात."

"म्हणजे झालंच."

पण करार सामंजस्याचा होता, आणि मोडायलाही दोघांच्या सह्या एकाच मसुद्यावर लागत होत्या. बैठकीत वन्संना बोलायचा अधिकार नव्हता, इतिवृत्त लिहायचा होता. मसुदा वाचून झाला. वन्संनी पेन थांबवलं. "नीट लिहावं म्हणून विचारते हं. 'रद्द' लिहू की 'समाप्त'?"

झालं. कायद्याचे प्राध्यापक म्हणाले, रद्दच. भाषेचे प्राध्यापक म्हणाले, रद्द तिकीट होतं, करार समाप्त होतो. संचालकांना 'रद्द'मधे संस्थेचा अपमान दिसला. कुलसचिवांना 'समाप्त' थिल्लर वाटलं, सिनेमाच्या शेवटी येतं म्हणून. पुढच्या बैठकीत कुणीतरी 'संपुष्टात' काढलं, तेव्हा कायदेवाले उठून गेले. मग उपसमिती नेमली. तीत दोन्ही प्राध्यापक घ्यावेत, हे वन्संनी सुचवलं.

"वन्सं, ही चक्क काडी घालणं झालं," मी म्हटलं.

"घातली. आणि अधनंमधनं फुंकरही मारते."

करार मोडला की त्यांचं पदही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संचालक भर बैठकीत म्हणाले, "बाई, खुर्ची सोडवत नाही वाटतं?" वन्संनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. संचालकांनी खोडायला लावलं. खोडलं, हेही लिहिलं.

शब्द ठरेना, तोवर परीक्षा झाली, निकाल लागला, पदव्यांवर विद्यापीठाचा शिक्का बसला. एक दिवटा तेवढा नापास झाला. वन्संनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि त्याची फेरपरीक्षा होईपर्यंत वाद टिकावा म्हणून उपसमितीत 'विलग' हा शब्द सोडला. टिकला.

तो पास झाल्यावर मात्र त्यांनी हात झटकले. बैठकीत म्हणाल्या, "काहीही लिहा, मला चालेल."

दोन्ही प्राध्यापक एकदम म्हणाले, "काहीही कसं चालेल?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं. मग पुन्हा पहिल्यापासून.

करार मोडलेला नाही म्हटल्यावर संचालकांनी ह्या वर्षी नवी मुलं भरून घेतली. काल वन्संनी घरात येऊन पर्स पलंगावर फेकली.

"वहिनी, बसली ना नवी मुलं येऊन वर्गात! आणि कायदेवाले मऊ पडायला लागलेत. 'समाप्त'ला मान डोलावली आज. आता ही मुलं बाहेर पडेपर्यंत काय करू?"

मी मराठी घेऊन बी.ए. झाले, त्याचा आजवर घरात कुणाला उपयोग झाला नव्हता. म्हटलं, "'निरस्त' हा शब्द सोडून बघा."

वन्संनी पर्स उचलली आणि पेन शोधायला लागल्या.