डाग आधीचाच आहे, बघून घ्या

भविष्यकाळावरच्या कथांचं एक पुस्तक निघणार होतं. सगळे लेखक नवे आणि प्रत्येकाचा छोटासा परिचय द्यायचा, असं संपादकांनी ठरवलं होतं. ते माझे जुने मित्र असल्यामुळे ही वेठ माझ्या गळ्यात पडली. नव्या लेखकांचा परिचय लिहिणं सोपं असतं, कारण तो त्यांनी स्वतःच लिहून पाठवलेला असतो. त्यांपैकी कोणालाही लहानपणी खेळायला आवडत नव्हतं. सगळी मंडळी थेट वाचत वाचतच जन्माला आली होती.

एकाच लेखिकेनं काही पाठवलं नव्हतं. ती म्हणजे लाँड्रीवाल्या काकू.

"तिचा परिचय तू प्रत्यक्ष जाऊन लिही," संपादक म्हणाले. मग दार लोटून घेत आवाज खाली आणला. "आणि जरा वास घेऊन ये. मला संशय आहे, गोष्ट तिची नाही."

"कशावरून?"

"अरे, बाई गोष्ट घेऊन आली ती कपड्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. टेबलावर ठेवली. मी हात लावणार तेवढ्यात म्हणाली, 'थांबा, आधी बघून घ्या. सुरुवात जरा मळकट आहे. मधे एके ठिकाणी विरलंय. शेवट घाईत शिवलाय, ओढलात तर उसवेल. पटलं? हो म्हणा.' आणि मी हो म्हटल्याशिवाय पिशवीवरचा हात काढेना! इतक्या वर्षांत मी लेखक कमी का पाहिले? स्वतःच्या लिखाणात दोष काढणारा लेखक अजून जन्माला यायचाय. परक्या मालाबद्दलच माणूस असं बोलतो. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. गोष्ट टाइप करून आली आहे आणि घरात शिकलेली सून आहे. आता तूच काय ते समज. तिची नसेल तर ती पुस्तकात जाणार नाही."

गोष्ट मी वाचली होती, आणि ती पुस्तकात जावी असं मला मनापासून वाटत होतं. पुढच्या काळात कापड आपोआप स्वच्छ होतं. कोणाच्याच कपड्यावर डाग राहत नाही, त्यामुळे कोण कुठे गेलं, काय खाल्लं, कोणाच्या खांद्यावर रडलं, काही कळेनासं होतं. एक म्हातारी शहरभर शेवटचा डाग शोधत हिंडते. एवढीच गोष्ट.

मी सोबत एक कोट घेतला. मोकळ्या हातानं हेरगिरी करायला गेलं की माणूस हेर दिसतो.

दुकान लांबट होतं. पुढे काउंटर, मागे वाफ सोडणारं इस्त्रीचं टेबल, वरच्या दांडीवर हँगरला लटकलेले कोट आणि झगे. कोपऱ्यातून वर घराकडे जाणारा अरुंद लोखंडी जिना. काउंटरच्या डोक्यावर इतका प्रखर दिवा, की त्याखाली उभं राहिल्यावर आपण काहीतरी केलं असावं असं वाटू लागतं. म्हणतात की काका बघायला आले तेव्हा काकूंनी त्यांनाही आधी खिडकीपाशी उजेडात उभं केलं होतं. काका अजून फार बोलत नाहीत.

माझ्यापुढे एक बाई रेशमी झगा घेऊन उभी होती. काकूंनी तो दिव्याखाली पसरला आणि मोठ्यांदा सुरुवात केली. "बगलेत रंग उडालेला. बघितलंत? हो म्हणा. डाव्या बाहीला शाई. आधीचीच. हो म्हणा. खालची शिवण हातानं घातलेली, तीही रागात."

"रागात कशावरून?" बाईंनी दचकून विचारलं.

"टाके बघा. एवढे आवळून प्रेमात कोणी घालतं का?"

बाईंनी पटकन 'हो' म्हटलं आणि मागं वळूनही न बघता गेल्या. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. संपादकांसमोर झालं ते हेच होतं! माल कोणताही असो, देताघेताना त्यातले दोष आधी बोलून दाखवायचे आणि समोरच्याकडून हो वदवून घ्यायचं, ही या काउंटरची रीतच होती.

रीत पडली होती ती काकू नवी नवरी असताना. एका गिऱ्हाइकानं कोटाला पडलेलं भोक सासऱ्यांच्या माथी मारलं होतं आणि म्हातारा भर रस्त्यात हात जोडून उभा राहिला होता. भोक आधीचंच होतं. काकूंनी ते पाहिलंही होतं, पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं म्हणून त्या गप्प राहिल्या. त्यानंतर ते तोंड जे उघडलं, ते आजतागायत मिटलेलं नाही.

माझा नंबर आला. काकूंनी कोट उजेडात धरला, उलटा केला, कॉलर हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

"हा कोट धुवायला आलेला नाही."

"म्हणजे?"

"स्वच्छ आहे. घडी कपाटातली आहे. हा दुसऱ्याच कामाला आलाय. कोणी पाठवलं तुम्हाला?"

चोराच्या मनात चांदणं असतं, माझ्या तर कपाळावरच पडलं असावं. "परिचय लिहायचाय तुमचा," मी म्हणालो.

"माझा? शाळा कुठली, जन्म कधीचा, हे कशाला हवंय? गोष्ट म्हातारीची आहे, माझी नाही. बाकीच्यांकडे गेला होता?"

"नाही. त्यांनी पाठवले."

"मग माझ्याकडेच कोट का आला?"

पोलिसात गेल्या असत्या तर काकूंनी गुन्हे होण्याआधीच कबुलीजबाब घेतले असते. मी सगळं सांगून टाकलं. संपादकांचा संशय, विरलेला मधला भाग, शिकलेली सून, सगळं. वाफेचा आवाज बंद झाला. मागे काकांनी इस्त्री उचलून धरली होती.

"असं," काकू म्हणाल्या. "खरं बोलून माल दिला म्हणून माल चोरीचा? मग गोष्ट परत द्या. आणि ज्यानं घेतली त्यानंच आणून द्यायची, आमच्याकडे दुसऱ्याच्या हातून माल परत घेत नाहीत."

"काकू, गोष्ट चांगली आहे हो. छापली जाऊ द्या."

"चांगली आहे ते मला माहीत आहे. नाव माझं राहणार नसेल तर ती माझ्याच कपाटात राहील."

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना ओढतच आणलं. वाटेत त्यांना काउंटरची रीत समजावली, पण त्यांचं तोंड आंबलेलंच होतं. "बघू," एवढंच ते तीनतीनदा म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातातून गोष्ट घेतली, चष्मा लावला आणि दिव्याखाली पान न् पान पाहायला लागल्या. मधल्या पानावर बोट थांबलं. पान उलटलं. पुन्हा मागे आलं.

"इथलं कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं?"

"इथे भिंत होती. भिंत काढून घेतलीत तुम्ही!"

"बाई, मी तुमच्या गोष्टीतला स्वल्पविरामही हलवला नाही."

"सगळे असंच म्हणतात. कोटाचं भोक कोटानं स्वतःच पाडलेलं असतं." काकूंचा आवाज चढला. "विरलं होतं म्हणून मी आधीच सांगितलं होतं. विरलेलं वेगळं आणि कापलेलं वेगळं. मी काय सांगितलं होतं ह्या पानात, ऐका." आणि काउंटरवर तळहात ठेवून त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं: "'म्हातारीची सून भिंतीत राहायला गेली होती. भिंत बोलायची, आई, चहा झालाय. म्हातारी भिंतीला म्हणाली, अगं, येऊन सांग की. भिंत म्हणाली, आलेच. मग चहा निवला, आणि तो भिंतीनंच पिऊन टाकला.'"

संपादकांच्या आंबलेल्या तोंडातून एकदम हसू फुटलं. मी मात्र जिन्याकडे बघत होतो. तिथे दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली, आज सुट्टीवर घरी असलेली सून उभी होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

"त्यांनी नाही काढलं, आई," ती म्हणाली. "मी काढलं."

ती एक पायरी खाली उतरली.

"तुम्ही सांगत होतात, मी टाइप करत होते. वरून फोनवर 'चहा टाकलाय' लिहून पाठवते ती मीच ना? पुस्तकात छापून आलं की अख्ख्या दवाखान्याला कळेल भिंत कोण ते. म्हणून वगळलं."

काकूंनी चष्मा काढला. साऱ्या गावाच्या बगला उजेडात धरणारी ही बाई, आणि काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालून आली होती. त्यांनी देण्याआधी पहिलं आणि शेवटचं पान नीट पाहिलं होतं, पण मधलं पाहिलंच नव्हतं.

"बघितलं कसं नाहीस?" मागून काका म्हणाले. आठवड्यातून एखादंच वाक्य बोलतात, पण नेमकं तिथेच.

"घरच्या कपड्यांचे खिसे कोण तपासतं?" काकू पुटपुटल्या.

संपादक खुर्चीवर बसले. "माझा संशय फिटला," ते म्हणाले. "हा परिच्छेद सासूशिवाय कोणी लिहिणार नाही, आणि सुनेशिवाय कोणी गाळणार नाही. गोष्ट तुमचीच. पुस्तकात घेतो, पण भिंतीसकट."

"तिला विचारा," काकू म्हणाल्या. माफी मागायची वेळ आली की त्या काउंटर पुसायला घेतात. तो बराच वेळ पुसला गेला. "तिला नको असेल तर नको."

सून खाली येऊन पानावरून बोट फिरवत उभी राहिली. "राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "पण निवलेला चहा मी कधीच पीत नाही. तेवढं खोटं आहे."

"गोष्ट आहे ती," काकू म्हणाल्या. "थोडं खोटं मिसळल्याशिवाय पांढरं उजळत नाही."

आठ-दहा दिवसांनी मी परिचय लिहून काउंटरवर ठेवला. बोलण्यापूर्वी काकूंनी हात वर केला. मला रीत माहीत होती. मीच सुरू केलं, "पहिल्या वाक्यात उगाच कौतुक आहे. मधे जरा लांबलंय. शेवट..."

"शेवट काय?"

"शेवट जमलेला नाही."

"हो," काकू समाधानानं म्हणाल्या आणि दिव्याखाली वाचू लागल्या. वाचता वाचता कपाळाला आठी पडली. "लेखिका संशयी आहे, हे कुठेच लिहिलं नाहीत. का? कोणी सांगितलं लिहू नका म्हणून?"

"लिहितो."

"लिहा. आणि तो डाग आधीचाच आहे, हेही लिहा. धुवून जायचा नाही. आणि माझ्या सुनेबद्दल एवढं चांगलं का लिहिलंय? तुम्हाला चहा पाजला तिनं?"

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. काकूंनी तो उचलून डोळ्यांपासून लांब धरला, वाचला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "खाली येऊन सांग!"

जिना वाजला. सून अर्ध्या पायऱ्या उतरून, कठड्यावर वाकून म्हणाली, "आई, चहा झालाय. भिंतीनं प्यायच्या आत वर या."

काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या परिचयाकडे. तो घडी घालून खिशात ठेवला, आणि जाताना खिसा तपासून वर गेल्या.