सतरंजीवरची मालकीण

दर्यापूरच्या माणिकबाईंनी पापडांचा कारखाना उभा केला तो सतरंजीवर बसून. नवरा गेला तेव्हा मुलगा नितेश शाळेत होता. बाईंनी पदर खोचला, गल्लीतल्या बाया जोडल्या आणि त्यांच्याच रांगेत बसून लाटणं हातात घेतलं. रोज पहिला पापड निखाऱ्यावर भाजायचा, मोडून सगळ्यांनी चाखायचा आणि मीठ चुकलं तर माणिकबाईंना तोंडावर सांगायचं, अशी तिथली रीत. बाई ती बोलणी हसत ऐकून घ्यायच्या.

पुढे नितेश कारभार पाहू लागला आणि अमरावतीला छोट्या कारखानदारांचं नेतृत्वाचं शिबिर करून आला. तिथल्या कोटवाल्या सरांनी काय काय शिकवलं देव जाणे, या पठ्ठ्याने एवढंच उचललं की मालकाने मजुरांत मिसळू नये. पहिला पापड बंद झाला, कारण वेळ जातो. काचेची केबिन आली. कालपर्यंतच्या नितेशभाऊला बायांनी सर म्हणायचं ठरलं.

"आई, तू सतरंजीवर नोको बसत जाऊ. केबिनमंदी बस."

"अन् पापड कोण लाटीन?"

"बाया लाटतीन ना. माणूस एक तं मालक असते, नाही तं कामगार."

"मंग मी कामगारच बरी," माणिकबाई फणकारल्या.

रागातलं बोलणं ते. दुसऱ्या कोणी आईची समजूत काढली असती. याने ते खरं धरलं. उडीद कुठून आणायचा, भाव काय लावायचा, हे त्याने तिला विचारणंच सोडलं. नवी कोणती बाई कामावर येणार, हेही तिला शेजारी लाटणाऱ्या लीलाबाईकडून कळू लागलं. तिच्या जिवाला ते फार लागलं, पण सतरंजी तिने सोडली नाही.

वर्धापनदिनाला अंगणात मांडव घातला. कोटवाले सर पाहुणे म्हणून आले. नितेशने माइक घेतला आणि मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, "या वर्षीच्या उत्कृष्ट कामगार, माणिकबाई."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. टाळ्या वाजवायचं आधीच सांगून ठेवलेलं होतं, म्हणून त्यांनी वाजवल्या. माणिकबाई उठल्या, गुडघ्यावरचं पीठ झटकलं आणि स्वतःच्याच अंगणात पाहुण्यासारख्या बिचकत पुढे गेल्या. चकचकीत ढाल दोन्ही हातांनी घेतली.

"थँक्यू, सर," त्या लेकाला म्हणाल्या.

नितेशचा चेहरा खुलला. आईला एकदाचं समजलं, असंच त्याला वाटलं.