पंचविशी ओलांडलेली आई

“म्याडम, आणखी एक लेक झाली की!” मॉनिटरकडं बघत शोभाताई ओरडल्या.

मी खुर्चीतून उठले आणि चक्क नाचले. सोलापुरातल्या आमच्या लॅबमध्ये तोवर कुणी नाचलं नव्हतं.

बाळंतीण होती यीस्टची एक पेशी. पाव फुगवतं तेच यीस्ट. आईपेशीला बाजूला लेक फुटते. दर दीड तासानं ती लेक मी बारीक काचेच्या सुईनं वेगळी करायची. कुंभारीहून येणाऱ्या आमच्या लॅब अटेंडंट शोभाताई वहीत रेघ ओढायच्या. साधारण पंचवीस बाळंतपणांनंतर आई थांबते आणि मरते. ही लेक सव्विसावी होती.

का? पेशीत प्रोटीन बनवणारे कारखाने असतात, रायबोसोम. ते उभारायची कृती डीएनएवर एकाखाली एक शंभराहून जास्त वेळा लिहिलेली असते. हाच रायबोसोमल डीएनए. तिथं धागा तुटला की सारख्या मजकुरामुळं जोडताना गोंधळ होतो आणि एखादा तुकडा सुटून त्याचं कडं बनतं. कड्यांच्या प्रती वाढतात, त्या लेकीकडं सहसा जात नाहीत, आईतच साठतात आणि तिला म्हातारी करतात. माणसाचं म्हातारपण एवढं सोपं नाही, पण यीस्टचं बरंचसं असं. धागा कमी तुटावा म्हणून आम्ही एक जीन काढून टाकला होता.

आधीच्या दोन प्लेट बुरशीनं खाल्ल्या होत्या. या प्लेटवर एकच आई उरली होती. “ही गेली तर विषय बदला,” असं माझ्या गाईड सरांनी बजावलं होतं.

पस्तिसाव्या रेघेला सर आले.

“लेकीलाच आई समजून मोजत नाही ना बसलात? मग ती जगणारच.”

अशी अदलाबदल खरंच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई थांबली. प्रत्येक बाळंतपणाचा गोल वण आईच्या अंगावर राहतो. मी तिला हलक्या हातानं उचललं, वण चमकवणारा रंग लावला. स्क्रीनवर निळी वर्तुळं उमटली. अंगभर, एकमेकांना खेटून.

“लेकीच्या अंगावर एवढं वण कुटनं येतील, सर?” शोभाताईंनी विचारलं.

सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्यांनी नवी पेठेतून जिलेबी मागवली. पहिला घास मी घेतला आणि सर म्हणाले, “एका पेशीवर पेपर होत नाही. सोमवारी पन्नास लावा.”

लावल्या. बहुतेक आयांनी पंचविशी ओलांडली.

नाचायला एक पेशी पुरते. सिद्ध करायला पन्नास लागतात, आणि पाठ धरते.