डाव्या बाजूचे तीन गोल

लातूरची फायनल आम्ही माझ्यामुळे हरलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि खरं तर तिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, कारण ज्या घरात माझी जीभ सुटली ते तिचं माहेर.

नांदेडात आमच्या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की जुनी माणसं अजून हळहळतात. कारणं ठरलेली आहेत. गिरणी बंद पडली. मैदानावर प्रदर्शनं आणि सभा भरायला लागल्या. पोरं क्रिकेटकडे गेली, उरलेली मोबाईलमध्ये. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसून हे ऐकतो आणि मान डोलावतो. यातलं एकही कारण खोटं नाही. फक्त ही सगळी कारणं होती तेव्हासुद्धा आम्ही लागोपाठ दोन वर्षं ढाल जिंकून आणली होती. त्यानंतर काय झालं, ते आपल्याला माहीत आहे असं गावात सगळ्यांना वाटतं; खरं ते फक्त मला माहीत आहे.

क्लब गिरणीतल्या कामगारांनी काढलेला. माझे वडील त्यात होते. पाळी सुटली की सायकली थेट मैदानावर. टीममध्ये आमच्यासारख्या मास्तर-कारकुनांच्या घरची पोरं होती आणि जुन्या मोहल्ल्यांतली मुसलमान पोरंही होती. शिंपी, फिटर, बेकरीवाले. एक रिवाज होता. सामन्याच्या सकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारायला दोघांनी जायचं, एक इकडचा, एक तिकडचा. एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं फक्की सोडायची. का, ते कुणी सांगत नसे. तसंच करायचं, बस.

मग वाईट वर्षं आली. आठ-नऊ वर्षं आम्ही पहिल्या फेरीच्या पुढे गेलो नाही. नेमकं त्याच काळात माझं लग्न झालं आणि सासुरवाडी मिळाली लातूरची, गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लातूरच्या टीमचा कट्टर माणूस. दर दिवाळीला मी पाटावर बसलो की तो वाढायला यायचा.

"दाजी, घ्या की अजून. लाजू नका. नांदेडला खायची सवय हाय, औंदा किती खाल्ले, पाच का सहा?"

गोल खाल्ले, असं त्याचं म्हणणं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचो. हरलेल्या गावचा जावई दुसरं काय करणार?

त्यानंतर तो आला. गोलकीपर. आम्ही गोली म्हणतो. मूळचा कंधारचा, नांदेडात जुन्या मोहल्ल्यात राहायचा आणि एका वेल्डिंगच्या दुकानात गेट आणि ग्रिल बनवायचा. अठ्ठावीस-तीस वर्षांचा, उंच, बोलायला कमी. पहिल्या सामन्यात त्यानं दोन पेनल्टी अडवल्या तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा नुसता "या अल्ला, या अल्ला" करत होता आणि मी त्याचा हात घट्ट धरला होता. दोन वर्षं मी मान वर करून सासुरवाडीला गेलो. मेहुण्यानं मुकाट्यानं वाढलं.

तिसऱ्या वर्षी, फायनलच्या महिनाभर आधी, भर दुपारी गिऱ्हाईक नसताना तो दुकानात आला.

"भाऊ, जरा नजर बघता का?"

मी त्याला खुर्चीत बसवलं. आधी डावा डोळा झाकला. उजव्यानं शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग उजवा झाकला. त्यानं डाव्यानंही घडाघडा वाचलं. मला शंका आली. मी तक्ता उलटा करून आकड्यांची बाजू पुढे केली. त्याला एकही आकडा सांगता आला नाही. अक्षरं त्यानं बसल्या बसल्या पाठ करून ठेवली होती.

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. उन्हात लई त्रास हाय. बॉल डावीकडून उंच आला की दिसतच न्हाई, एकदम जवळ आल्यावर दिसतो."

डोळ्याच्या बाहुलीत दुधासारखं दिसत होतं. हे चष्म्याचं काम नव्हतं. मी म्हटलं, हैदराबादला दाखव, ऑपरेशन लागेल, उशीर करू नको. तो म्हणाला, फायनल होऊ द्या, दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. उठताना त्यानं माझा हात धरला. हाताला वेल्डिंगचे बारीक बारीक डाग होते.

"भाऊ, कुणाला बोलायचं न्हाई."

"वेडा आहेस का," मी म्हटलं. "मी कशाला बोलू?"

फायनलच्या आदल्या दिवशी आम्ही सपोर्टर लातूरला पोचलो. बाकीचे धर्मशाळेत उतरले, मी सासुरवाडीला. दुपारी पंगत बसली. मेहुण्यानं गल्लीतले दोघं-तिघं मित्र बोलावले होते. दोन वर्षांचा हिशोब त्याला एका जेवणात चुकता करायचा होता. आमची बॅक लाइन म्हणजे चाळणी, आमचा कॅप्टन म्हणजे पेन्शनर. मी सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "दाजी, तुमचा गोली तर नशिबाचा हाय नुसता. दोन साल नशीब चाललं, उद्या संपतंय."

मी घास खाली ठेवला.

"नशीब? अरे, त्याला डाव्या डोळ्यानं धड दिसत नाही. एका डोळ्यावर तुम्हाला रडवतोय तो. दोन्ही धड असते तर तुम्ही मैदानात उतरला असता का?"

कुणीच हसलं नाही. मेहुण्याचा हात ताटातच थांबला होता. त्यानं अगदी साध्या आवाजात, जसं एखादा रस्ता विचारावा तसं विचारलं:

"डावा म्हणजे त्याचा डावा, का समोरून बघणाऱ्याचा?"

"त्याचा," मी म्हणालो.

आता लिहितानाही मला हेच उमजत नाही. पहिलं वाक्य रागात सुटलं, ते समजू शकतो. पण या प्रश्नाचं उत्तर मी का दिलं? विचारलं म्हणून दिलं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मग मेहुण्यानं मला आग्रह करकरून अजून दोन पोळ्या वाढल्या आणि जेवण झाल्यावर चप्पल घालून बाहेर गेला.

सामना दुसऱ्या दिवशी चारला सुरू झाला. पहिल्या हाफमध्ये काहीच झालं नाही. लातूरवाले नेहमीसारखे खेळत होते, दोन्ही बाजूंनी. माझा जीव हळूहळू खाली बसला. वाटलं, मेहुणा बोलला नसेल. शेवटी घरचा माणूस आहे.

मध्यंतरात मी पलीकडे पाहिलं. लातूरची टीम कोंडाळं करून बसली होती. मधोमध माझा मेहुणा उकिडवा बसून बोटानं मातीत काहीतरी काढून दाखवत होता.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या आणि आमचा गोली उन्हाकडे तोंड करून उभा राहिला. सूर्य उतरला होता. खांबाची सावली लांबत लांबत माझ्या पायापर्यंत आली. मी गोलच्या मागेच उभा होतो. पहिला बॉल डावीकडून उंच आला. गोली उशिरा उडाला, गोल झाला. दुसरा, दहा मिनिटांनी, तिथूनच. तोपर्यंत मला पुढचं सगळं दिसत होतं, जणू कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय आणि आता फक्त वाचून दाखवतंय. आमच्या बॅकला मी चार हातांवरून ओरडून सांगू शकत होतो, अरे डावीकडे थांब, त्याला डावीकडचं दिसत नाही. एवढ्यानं निभावलं असतं. पण ओरडलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक, आणि त्यांना कसं ठाऊक. मी जाळी धरून उभा राहिलो. तिसरा गोलही डावीकडूनच झाला.

परत येताना जीप चहाला लोह्यात थांबली. तिथेच कुणीतरी पहिल्यांदा तो शब्द काढला.

"असले गोल शाळेतलं पोरगं खात न्हाई. विकला गेला, दुसरं काय."

"गप ना, तो ऐकेल."

"ऐकू दे की. लातूरवाले कसे हसून राहिले होते, बघितलं न्हाई का?"

तो बाजूला, कप हातात घेऊन उभा होता. मी चालत त्याच्याजवळ गेलो. का गेलो ठाऊक नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, त्यांना कसं कळलं?"

"काय कळलं?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चहा पिऊन टाकला.

आता जे सांगायचं आहे त्यापुढे इथवरचं काहीच नाही. आठ दिवसांनी कमिटीनं शाळेच्या एका वर्गात बैठक घेतली. अध्यक्ष म्हणून रिटायर झालेले मास्तर होते, माझ्या वडिलांचे दोस्त. गोलीला उभं करून विचारलं, सामना विकला का. तो म्हणाला, "माझ्या डाव्या डोळ्यात खराबी हाय. फायनलच्या आधीपासून. भाऊंनी तपासलाय, त्यांना विचारा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मास्तर म्हणाले, "काय रे, खरं आहे का?"

मी म्हणालो, "तपासला होता. किरकोळ नंबर होता. खेळायला अडचण येण्यासारखं काही नव्हतं."

हे माझे शब्द. एकही बदललेला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता डोळ्याचं नाटक," आणि हशा झाला. त्यानं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "ठीक हाय, भाऊ," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाला आणि निघून गेला. हैदराबादलाही तो गेला नाही, असं नंतर कानावर आलं.

पुढच्या मोसमात मोहल्ल्यातली दोन पोरं सरावाला आली नाहीत. मग पाच. मग त्यांनी आपली वेगळी टीम केली. सामन्याच्या सकाळी फक्की मारायला आमच्याकडचा एकटाच माणूस जाऊ लागला. दोरी धरायला कुणी नसल्यामुळे रेषा वाकड्या यायच्या, आणि त्यावरून पंचाशी भांडणं व्हायची. एका रविवारी दोन्ही टीम एकाच वेळी मैदानावर आल्या आणि दगड चालले. त्यानंतर सणावाराच्या दिवसांत मैदानाच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. क्लबची घसरण ती इथून. गिरणीपासून नव्हे.

मी एवढ्यावरही गप्प राहिलो असतो. चौदा वर्षं राहिलोच की. पण यंदा गावातली हवा बरी नाही. गेल्या महिन्यात दुकानात दोन शिकलेली, नोकरीतली माणसं फ्रेम निवडत बसली होती. फुटबॉल कधी न पाहिलेली. एक दुसऱ्याला सांगत होता, "यांच्यावर भरवसा ठेवायचाच नाही. लातूरची फायनल विसरलात का? मोहल्ल्यानं पैसे घेऊन हरवली आपल्याला." आधी एका माणसानं विकली होती, आता अख्ख्या मोहल्ल्यानं. दुसरा म्हणाला, "वेळ आली की दाखवू." मी त्याच्या फ्रेममध्ये काच बसवत होतो. बसवली, पुसली आणि हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी कंधारच्या बसमध्ये बसलो. स्टँडपासून पुढे, किल्ल्याच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान सापडलं. केस पांढरे झालेत. डावा डोळा पूर्ण गेलाय. त्यानं मला लगेच ओळखलं, स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

"क्लब कसा हाय, भाऊ?"

"आहे नावाला."

"मास्तर?"

"आहेत. थकले फार."

मग मी धीर करून तोंड उघडलं. "तेव्हा लातूरला, सासुरवाडीत, मी..."

"मला लोह्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही 'काय कळलं' म्हणाले तेव्हाच."

"मग बैठकीत सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल." त्यानं गळ्यातला वेल्डिंगचा काळा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "आता मला नका सांगू. मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा. माझ्या पोरी नांदेडात दिल्यात, त्यांच्या सासरी अजून बोलतात लोक."

आणि तो कामाला लागला. गेटच्या गजांवर निळा उजेड पडला तशी मी मान फिरवली.

मास्तर अजून हयात आहेत. त्या दिवशी वर्गात बसलेल्यांपैकी बहुतेक जण नांदेडातच आहेत, मेहुणा लातुरात, बायको घरी. यांतल्या प्रत्येकाला, गोलीच्या मोहल्ल्यातल्या लोकांसमोर आणि तो स्वतः हजर असताना, मला तोंडानं सांगायचं आहे की त्यानं सामना विकला नाही. त्याच्या डोळ्याचं मी बोललो आणि नंतर बैठकीत मी खोटं बोललो. इथे लिहिलं म्हणून ते सांगून झालं असं होत नाही. ते मी अजून सांगितलेलं नाही.