काकांची सिनेमातली भूमिका

आमच्या घराण्याने मराठी चित्रपटसृष्टीला एक कलावंत दिला आहे. चित्रपटसृष्टीकडून अद्याप पोच आलेली नाही.

हे कलावंत म्हणजे माझे केशोरीचे काका. तरुणपणी ते झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत आणि एकदा मुंबईला जाऊन एका विनोदी गुप्तहेरपटात चमकून आले. मुलगा सिनेमात आहे, एवढ्यावर काकूंच्या वडिलांनी मुलगी दिली. तो सिनेमा काकूंनी कधीच पाहिला नाही. (फारसा कुणीच पाहिला नव्हता.) आपल्या बापाला फसवलं की काय, ही शंका मात्र त्यांनी म्हातारपणापर्यंत जपली.

गेल्या दिवाळीत तो सिनेमा मला इंटरनेटवर सापडला. मी फुलचूरच्या माझ्या घरून मोठा टीव्ही नेऊन काकांच्या ओसरीत मांडला, गाव बोलावलं आणि चित्रपट आस्वादाचं शिबिर केलेला माणूस म्हणून समालोचन स्वतःकडे घेतलं. आपण कोणते, हे काका सांगेनात. समजेल म्हणाले.

सिनेमात एक गुप्तहेर, त्याचा कुत्रा आणि चोरीला गेलेला हार. कुत्रा इतका भुंकायचा की माझं विवेचन कुणाला ऐकू येईना. मी टीव्हीचा आवाज बंद केला. एक पोस्टमन दिसताच "हे काका!" असं जाहीर केलं. शिट्ट्या वाजल्या आणि नाटकाच्या सवयीने 'वन्स मोअर' आला. मी मागे नेऊन पुन्हा दाखवला. काकू म्हणाल्या, हे एवढे उंच कधीच नव्हते. मग मी जहागीरदाराला काका केलं. त्यालाही वन्स मोअर! त्याला अटक झाली, वन्स मोअरमुळे तो सुटला, पुन्हा पकडला गेला. चोर कोण, पोलीस कोण, हार सापडला की अजून जायचाय, कुणाला काही कळेना. शेवटी मी नर्सकडेही बोट दाखवलं. (तेव्हा पुरुष स्त्रीभूमिका करत, असा माझा अभ्यास.)

सिनेमा संपला. काकूंनी पदर सावरला.

"हे त कुठीच नाई दिसले. माझ्या बापाले फसवलंच म्हणा."

"दिसाचं कायले?" काका म्हणाले. "तो कुत्रा भुकतच नव्हता. त्याचं सारं भुकणं माझं हाय. तुझ्या बापानं विचारलं, सिनेमात हाय का. मी हाव म्हणलं."

"मंग आता काऊन नाई बोलले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "यानं आवाज कुठी ठेवला?"

काकूंनी सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितला. या वेळी डोळे मिटून त्या प्रत्येक भुंकण्याला मान डोलावत होत्या.

दुसऱ्या खेळाला समालोचन नव्हतं.