बाईंची पडण्याची शिकवणी

"हात टेकू नका! मनगट जातं. कुशीवर पडा!" असं म्हणत आमच्या मुख्याध्यापिका बाई पदर खोचायच्या, डावा खांदा पुढे काढायच्या आणि पडवीत पसरलेल्या भाताच्या पेंढ्यावर धाडकन अंग टाकायच्या. मग पडल्या पडल्याच चष्मा सारखा करून विचारायच्या, "कळलं? आता तुम्ही."

पन्नाशीला आलेली, नऊवारीतली, अंगानं भरलेली बाई अशी पडताना तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. दर शनिवारी, शाळा सुटल्यावर.

दादरा-नगर हवेली भारतात नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. सिल्वासाच्या कडेला, एका उंचवट्यावर आमची शाळा. मी डहाणूकडचा, मराठी शिकवायला आलेलो. गणिताला खानदेशातले पाटील गुरुजी आणि गुजरातीला देसाईभाई. आम्हा तिघांचं एकाच बाबतीत एकमत होतं. तिघांनाही बदली हवी होती. संध्याकाळी आम्ही पायरीवर बसायचो आणि आपापल्या गावचे मासे, वांगी आणि उंधियू आठवून उसासे टाकायचो.

आमच्या आधीचे शिक्षकही असेच उसासे टाकून निघून गेले होते. एक गेला की त्याचा वर्ग महिनोन् महिने बोंबलत बसायचा. शेवटी वरून निरोप आला, की पावसाळ्यानंतर तपासनीस साहेब येतील आणि ही शाळा ठेवायची की बंद करायची ते ठरवतील.

दुसरं कुणी असतं तर मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या असत्या. बाईंनी पेंढा मागवला.

बाई मूळच्या रत्नागिरीच्या. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं सिमल्याला राहिलेल्या. तिथे थंडीत मैदानावर पाणी सोडून ते गोठवतात आणि माणसं पोलादी पात्यांचे बूट घालून त्या बर्फावर घसरतात, हे आम्हाला बाईंकडूनच कळलं. तिथला पहिला हिवाळा त्यांनी खोलीत रडून काढला होता. समुद्र नाही, माणूस नाही, भाषा नाही. शेवटी शेजारच्या पंजाबी बाईनं त्यांना ओढत बर्फावर नेलं आणि पाठीत हात घालून ढकललं.

"ढकललं?" मी विचारलं.

"मग काय करील? दिवसभर पडत होते मी. रात्री अंग इतकं ठणकलं, की माहेर आठवायला वेळच मिळाला नाही. तेव्हा मला समजलं, आधी पडायला शिकायचं. उभं राहणं आपोआप येतं."

पाटील गुरुजींना हे पटलं नाही. "मी गणित शिकवायले आलो बाई, पडायले नाही."

"बेन, मारी धोती नवी छे," देसाईभाई म्हणाले.

बाईंनी दोघांनाही ढकललं. मी आपणहून पडलो.

पडणं जरा जमल्यावर बर्फावरच्या घसरगाडीचा धडा आला. एकामागे एक चार माणसं बसतात, वळणावर सगळे एकाच बाजूला झुकतात, एकजण जरी उलटा झुकला तरी गाडी पालथी. गाडी म्हणून बाईंनी मला घरून पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची होडीसारखी रुंद आवरणं, आणायला लावल्या. लहानपणी मी अशा विरीवर बसायचो आणि भाऊ मला अंगणभर ओढायचा. आता तीन विऱ्या एकीमागे एक बांधून त्यांच्यावर पुढे देसाईभाई, मध्ये पाटील गुरुजी आणि मागे मी, असे बसून आम्ही शाळेसमोरच्या ओल्या उतारावरून खाली जाऊ लागलो. खाली भाताच्या खाचराचा मऊ चिखल होता. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची आणि आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर मुलांची काळजी करत पुढे जायची.

"गाडीत प्रत्येकाला प्रत्येकाची जागा यायला हवी," बाई म्हणायच्या. त्यांनी ते शाळेतही लागू केलं. दर बुधवारी वर्गांची अदलाबदल. मी गुजराती शिकवू लागलो, देसाईभाई गणित. पाटील गुरुजींना मराठी कविता मिळाली. ते अंगाईगीतसुद्धा पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. त्या गीतातलं बाळ झोपायचं नाही, पण सगळ्या वर्गाला ते चोख पाठ झालं.

आणि तपासनीस साहेब आले. पाऊस अजून रेंगाळत होता. त्यांची जीप उताराखालीच रुतली. आम्ही तिघं धावत खाली गेलो आणि साहेबांना मध्ये घेऊन चढू लागलो. अर्ध्यावर साहेबांच्या बुटानं दगा दिला. त्यांनी देसाईभाईंचं धोतर धरलं, देसाईभाईंनी पाटील गुरुजींना, गुरुजींनी मला.

वरून बाई कडाडल्या, "हात टेकू नका! डावीकडे झुका! साहेब, तुम्हीसुद्धा!"

आश्चर्य म्हणजे साहेबही झुकले. आम्ही चौघं एका रांगेत, अतिशय शिस्तीत, खाली खाचरात जाऊन बसलो.

साहेबांनी आधी मनगटं चाचपली, मग गुडघे. सगळं जागेवर होतं. चेहरा मात्र चिखलात दिसत नव्हता, त्यामुळे आमच्या नोकऱ्या राहिल्या की गेल्या ते कळेना.

विहिरीवर अंघोळी झाल्या. साहेबांना देसाईभाईंचं जादा धोतर नेसवलं. पाटील गुरुजींकडे दुसरे कपडेच नव्हते, म्हणून ते विहिरीमागेच थांबले. साहेब वर्गांतून फिरले आणि गोंधळून बाईंसमोर उभे राहिले.

"गणिताचे गुरुजी कुठे आहेत?"

"विहिरीमागे."

"मग गणित कोण घेतंय?"

"गुजरातीचे."

"आणि गुजराती?"

"मराठीचे."

"आणि मराठी?"

"ती मी घेतेय."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"तर मी पडेन साहेब. शाळा कशाला पडेल?"

 साहेबांचे खांदे गदगदले. वर्गाच्या दारातून बघताना आम्हाला वाटलं उचकी, पण ते हसू होतं. देसाईभाईंचं धोतर सुटेपर्यंत ते हसले. जाताना म्हणाले, "शाळा राहू द्या. फक्त पायऱ्या बांधून घ्या हो."

त्या वर्षी आमच्यापैकी कुणीच बदली मागितली नाही. का, ते आम्ही एकमेकांना विचारलंही नाही.

बदली झाली ती बाईंची. त्यांनी न मागता. निरोपाला आम्ही तिघं स्टँडवर गेलो. मी चार शब्द बोलायची तयारी केली होती, पाटील गुरुजींनी झेंडूचा हार आणला होता. पण खिडकीच्या जागेवरून बाईंचं कंडक्टरशी मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत एकदमच भांडण जुंपलं आणि ते मिटायच्या आत बस सुटली. बाईंनी वळून पाहिलंच नाही. खिडकी मात्र त्यांनाच मिळालेली दिसली.

आम्ही परत निघालो. हार गुरुजींच्या हातातच होता. राखोली गावाकडून एक बैलगाडी आमच्याच वाटेनं येत होती. गुरुजी थांबले, त्यांनी हार एका बैलाच्या गळ्यात घातला आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. तो बैल ऐटीत चालू लागला. आम्ही गाडीच्या मागून चालत राहिलो आणि जोडीतला दुसरा बैल एकेक फूल ओढून शांतपणे तो हार खात राहिला.